गिरणीच्या आधीचं उखळ

वैनगंगेकाठच्या आपल्या धानपट्ट्यात जुन्या गिरणीची गोष्ट निघाली की मालकाचं नाव आधी येतं. पण गिरणीच्या आधी धान कांडत होत्या बायाच. पहाटे उखळ-मुसळ, मग सूप. कोणी घरचं कांडायची, कोणी मजुरीनं दुसऱ्याचं.

रेल्वे आली, गोंदियाचा बाजार वाढला, गिरण्या लागल्या. हातावरचे घट्टे गेले, हे चांगलंच झालं. पण कांडणाऱ्या बाईची मजुरीही गेली. पॉलिश करताना तांदळावरचा कोंडा निघून गेला, आणि ‘ब’ जीवनसत्त्व त्यातच जास्त असतं.

१९३४ साली वर्ध्याला स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानं हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला. १९५८ मध्ये हातसडीचं काम टिकावं म्हणून गिरण्यांना परवाना लावणारा कायदा झाला. १९९७ मध्ये तोही रद्द झाला.

मुसळ पुन्हा हाती घ्या, असं आम्ही म्हणत नाही. गिरणीत गेल्यावर एवढंच म्हणा, “भाऊ, पॉलिश कमी कर.” कोंडा कोणाकडे राहतो, तेही विचारा. आणि गटाच्या वहीत गावच्या गिरणीचा इतिहास लिहाल, तेव्हा पहिलं पान कांडणाऱ्या बायांचं ठेवा.