मावळच्या कातळातलं संघाचं दप्तर

लोणावळ्याजवळच्या वेहेरगावात एकवीरेच्या पायऱ्या चढून गेलं की, देवळाला लागूनच कार्ल्याचं चैत्यगृह आहे. तिथल्या शिलालेखांत प्राचीन बौद्ध भिक्षुसंघाचा जमीनजुमला, देणग्या आणि देणगीदार यांच्या नोंदी आहेत. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी.

आत शिरण्यापूर्वीच वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख दिसतो. जंबुद्वीपातलं सर्वोत्तम शैलगृह आपण पूर्ण केलं, असं तो अभिमानाने सांगतो. आतल्या खांबांवर धेनुकाकटाच्या यवनांची नावं आहेत. तिथल्याच सामी नावाच्या सुताराने दरवाजाचं काम केल्याचीही नोंद आहे. श्रेष्ठी असो वा सुतार, दगडावर दोघांनाही जागा मिळाली.

खरा महसुली कागद शोभावा असा लेख क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा आहे. वलूरक, म्हणजे आजच्या कार्ले लेण्यांत, वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या साधूंच्या निर्वाहासाठी त्याने करजिक गाव दिलं, तेही पंथभेद न करता. पुढे सत्ता सातवाहनांकडे गेली. त्यांची आज्ञा ‘मामाल’च्या, म्हणजे मावळच्या, अमात्याला उद्देशून आहे आणि तीत हेच गाव भिक्षूंकडे ठेवलेलं दिसतं. राजवट बदलली, दान टिकलं. सातवाहन राजा पुळुमावीच्या 24व्या राज्यवर्षातला लेख महासांघिक या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना दिलेल्या नऊ खोल्यांच्या मंडपाची नोंद करतो.

समोरच्या डोंगरात भाजे लेण्यांत दिवंगत स्थविरांचे 14 स्तूप आहेत. त्यांतल्या काहींवर त्यांची नावंही आहेत.

1881 साली बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी हे लेख पुस्तकरूपात आणले. मूळ दप्तर मात्र आजही मावळच्या पावसातच उभं आहे, म्हणून त्याची प्रत्येक झिजलेली ओळ जपायला हवी.