बोर्डी-कोसबाडचा बालशिक्षण प्रयोग : अडचणीच्या आकलनातून घडलेली रचना

वस्तू वा सेवा घडविण्यापूर्वी ती ज्याच्यासाठी आहे त्याची अडचण समजून घ्यावी, हे तत्त्व व्यवस्थापनशास्त्रात शिकविले जाते. डहाणू तालुक्यात त्याचा कसोशीने अवलंब झाला, तो मात्र बाजारपेठेत नव्हे, तर बालशिक्षणात.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला केलेल्या माँटेसरी पद्धतीच्या कार्याचा अनुभव त्यांच्यापाशी होता, तसेच अनुताई वाघ यांची साथ होती. म्हणजे पद्धती हाताशी तयारच होती. परंतु महागडी साधने आणि ठरावीक वेळेची बालवाडी यांत शहरी मध्यमवर्गीय घर गृहीत धरलेले होते. गरीब वस्त्यांतील मुले येईनात. पालकांच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळे होणे सोपे होते (अनेक सुधारकांनी तेच केले). येथे मात्र बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. त्यातून ‘अंगणवाडी’ ही कल्पना आकारास आली. शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातील वस्तूंनी विकतच्या साधनांची जागा घेतली.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि वारली पाड्यांतील प्रश्न अधिक निकट आला. डहाणू-तलासरीचा हा पट्टा तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. जमीनदारांच्या वेठीविरुद्ध गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला, तोही १९४५ मध्येच. अशा दारिद्र्यात मूल हे घराच्या अर्थव्यवस्थेतील कामकरी घटक होते. ते गुरे राखी, किंवा आईबाप मजुरीला गेल्यावर धाकटे भावंड सांभाळी. शाळेविषयीची अनास्था म्हणून जी दिसत होती, ती वस्तुतः वेळेची अडचण होती. म्हणून गुराख्यांसाठी चराईच्या जागीच ‘कुरणशाळा’ भरविण्यात आली. ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्या गेल्या. कडेवरचे भावंड पाळणाघरात ठेवून थोरली बहीण वर्गात बसू शकली. या एका तरतुदीत प्रयोगाचे मर्म आहे, असे म्हणावेसे वाटते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी आरंभ झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले. नावाबरोबर कोसबाडची निरीक्षणदृष्टीही गेली, असे मात्र म्हणता येत नाही. पावसाळा सरल्यावर डहाणू-तलासरीतील अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर स्थलांतर करतात. त्या महिन्यांत मुलाचे नाव गावातील अंगणवाडीच्या पटावर असते आणि मूल भट्टीवर.