कलाउपापाची वेस

हवाई द्वीपसमूहातील मोलोकाई बेटाच्या उत्तर किनाऱ्याला कलाउपापा नावाचे सपाट भूशिर आहे. त्याच्या तीन बाजूंना समुद्र असून चौथ्या बाजूस सुमारे २,००० फूट उंचीचे सरळसोट कडे आहेत, त्यामुळे बेटाच्या उर्वरित भागाशी या जागेचा खुष्कीचा संबंध एका नागमोडी पायवाटेपुरताच राहिला. २२ डिसेंबर १९८० रोजी झालेल्या कायद्याने हा प्रदेश राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान, म्हणजे ऐतिहासिक महत्त्वामुळे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या उद्यान सेवेने सांभाळावयाचा भूभाग, ठरला आणि त्याच कायद्यात एक असाधारण अट घातली गेली: तेथील कुष्ठरोग वसाहतीतील रुग्णांची इच्छा असेल तोवर एका दिवसात १००हून अधिक अभ्यागतांना प्रवेश देऊ नये. वारसास्थळांवरील प्रवेशमर्यादा सहसा वास्तूच्या किंवा कलेच्या रक्षणासाठी असते. अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात, ते भिंतींवरील रंग टिकावेत म्हणून. कलाउपापाची मर्यादा मात्र तेथे राहणाऱ्या माणसांच्या इच्छेवर अवलंबून ठेवली गेली, आणि ही माणसे मुळात तेथे इच्छेविरुद्ध आणली गेली होती, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या अटीचे मोल कळत नाही.

हवाईचा राजा पाचवा कामेहामेहा याने ३ जानेवारी १८६५ रोजी कुष्ठरोगाचा प्रसार रोखण्याच्या कायद्यावर सही केली आणि त्याअन्वये रोगाची लक्षणे दिसणाऱ्या व्यक्तीस पकडून कायमचे वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ६ जानेवारी १८६६ रोजी नऊ पुरुष आणि तीन स्त्रिया भूशिराच्या पूर्वेकडील कलावाओ येथे उतरवल्या गेल्या. पुढील शतकभरात सुमारे ८,००० लोक त्यांच्या मागोमाग आले, आणि त्यांत बहुसंख्य मूळ हवाईवासी होते. या भूशिरावर शेकडो वर्षे रताळ्यांची शेती आणि मासेमारी करून राहणाऱ्या कुटुंबांनाही टप्प्याटप्प्याने घरे सोडावी लागली. रुग्णांच्या हालांची कथा जगभर पोहोचली, परंतु या दुसऱ्या विस्थापनाची दखल फारच थोड्यांनी घेतली.

आरंभीच्या काळात ‘कोकुआ’, म्हणजे रुग्णाची सेवा करण्यासाठी स्वेच्छेने सोबत आलेला निरोगी जोडीदार किंवा आप्त, यास राहण्याची मुभा होती. पुढे तीही आक्रसत गेली. बेल्जियन धर्मगुरू फादर डेमियन १८७३ मध्ये येथे आले, त्यांना याच रोगाची लागण झाली आणि १५ एप्रिल १८८९ रोजी त्यांचा अंत झाला. त्यांच्या निधनानंतर लंडनमध्ये राष्ट्रीय कुष्ठरोग निधी उभारला गेला व त्याच निधीतून १८९०-९१ मध्ये एक आयोग हिंदुस्थानात आला. सक्तीच्या विलगीकरणाची गरज या आयोगास पटली नाही, तरीही १८९८ मध्ये निराधार कुष्ठरुग्णांना अटकाव करणारा कायदा हिंदुस्थानात झालाच आणि तो २०१६ पर्यंत रद्द झाला नाही. मुंबईत त्याआधीच, १८९० मध्ये, महापालिका आयुक्त अॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने माटुंगा-वडाळा भागात बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उघडले होते. मराठी पोवाड्यांच्या संग्रहामुळे ज्यांचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे, ते हेच अॅक्वर्थ.

कलाउपापाला पाहुणे कधीच वर्ज्य नव्हते. लिलिउओकलानी ही राजकन्या १८८१ मध्ये येऊन गेली, डेमियन यांच्या मृत्यूनंतर काही आठवड्यांनी लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन आला, १९०७ मध्ये जॅक लंडन आला. ज्यांचा या जागेवर सर्वाधिक हक्क होता त्या नातलगांनाच परवानगीसाठी सर्वाधिक झगडावे लागे, आणि ती मिळून ते पोहोचले तरी भेट होई ती तारेच्या जाळीआडून, स्पर्श न करता. वसाहतीत जन्मलेले मूल तत्काळ आईपासून दूर नेले जाई. या नोंदी वाचताना रोगाच्या भयापेक्षा कारभाराचा कोरडेपणाच अधिक अस्वस्थ करतो.

१९४६ मध्ये सल्फोन वर्गातील औषधे येथे आली व रोग आटोक्यात येऊ लागला, तरी विलगीकरणाचा कायदा १९६९ पर्यंत टिकून राहिला. बंदी उठल्यावर अनेकांनी तेथेच राहणे पसंत केले, कारण बाहेरच्या जगात त्यांचे कोणी उरले नव्हते आणि घर म्हणावे असे जे होते ते येथेच होते. म्हणूनच १९८० च्या कायद्याने त्यांना आजीवन वास्तव्याची हमी दिली, त्यांच्या खासगी जीवनाच्या रक्षणाची जबाबदारी घेतली आणि अभ्यागतांसाठीच्या व्यवसायांत पहिला हक्क त्यांनाच दिला. वसाहतीतीलच रिचर्ड मार्क्स यांनी चालवलेल्या सहलींतून हजारो लोकांनी हा इतिहास तो भोगलेल्या माणसाच्या तोंडून ऐकला. येणाऱ्यास परवाना लागतो, रहिवाशाचे छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय काढता येत नाही, मुक्काम करता येतो तो रहिवाशाने बोलावले तरच, आणि सोळा वर्षांखालील कोणासही प्रवेश नाही.

या नियमांखेरीज निसर्गाची आणि साथीचीही बंदी येथे आली. डिसेंबर २०१८ मध्ये दरड कोसळून सव्वीस वळणांची पायवाट बंद झाली. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत वयोवृद्ध रुग्णांना जपण्यासाठी सहली बंद करण्यात आल्या आणि इतर उद्याने उघडल्यानंतरही येथील प्रवेश दीर्घकाळ बंदच राहिला. एका साथीच्या भयाने ज्यांना समाजापासून तोडले गेले, त्यांना दुसऱ्या साथीत समाजापासून वाचवण्यासाठी तीच भौगोलिक दुर्गमता उपयोगी पडली. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की या वेळी बंद दाराआड रहिवाशांचे रक्षण हाच हेतू होता.

शेवटचा रुग्ण राहिनासा झाल्यावर उद्यानाच्या वापराच्या धोरणाचा फेरविचार व्हावा, अशी तरतूद मूळ कायद्यातच आहे. ती वेळ आता दूर नाही. भूशिरावरील बहुसंख्य कबरींवर नाव उरलेले नाही. येथे आणल्या गेलेल्या रुग्णांच्या वंशजांच्या प्रयत्नांतून २००९ मध्ये सर्वांची नावे कोरलेल्या स्मारकाला कायद्याने मान्यता मिळाली. १०० जणांची मर्यादा, परवाना आणि अन्य अटी ठरवण्याचा अधिकार पर्यटनाच्या हिशेबाकडे न जाता या वंशजांकडे, आणि रुग्ण येण्यापूर्वी ज्यांची शेते येथे होती त्या कुटुंबांकडे जाणे, हेच १९८० च्या कायद्याशी सुसंगत ठरेल.