छेदात कोण उरलं? सांधेरोपणाच्या निकालांचा इतिहास

आमच्या भोकरदनमध्ये या ऑपरेशनला 'वाटी बदलली' म्हणतात. खरं तर वाटी हा त्यातला छोटा भाग. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आणि नडगीचं वरचं टोक कापून त्यावर धातूचे भाग बसवतात, मध्ये प्लास्टिक येतं. माझ्या आजीचं हे ऑपरेशन झालं. काही वर्षांनी तोच गुडघा पुन्हा दुखायला लागला, तेव्हा नव्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या कंपनीचा सांधा बसवलाय?" घरात सगळी बिलं सापडली, एक्स-रे सापडला. पण इम्प्लांटच्या डब्यावरचं स्टिकर, ज्यावर मॉडेल आणि लॉट नंबर असतो, ते काही मिळालं नाही.

आजी पहिल्या दवाखान्यात परत गेलीच नव्हती. मग त्यांच्या हिशेबात ती काय असेल? बहुतेक 'यशस्वी'. तक्रार नाही म्हणजे गुंतागुंत नाही. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने अडखळावं अशी ही जागा आहे. म्हणून आज जरा इतिहासात जाऊ.

सांधेरोपणातली गुंतागुंत दोन प्रकारची. काही लवकर दिसते: जखमेत जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, खुब्याचा गोळा निखळणं. काही वर्षांनंतर उघड होते: सांधा सैल होणं, प्लास्टिक झिजणं, झिजेच्या कणांमुळे आजूबाजूचं हाड खराब होणं. पहिली दवाखान्याला दिसते. दुसरी दिसायची तर रुग्णाच्या मागे वर्षानुवर्षं राहावं लागतं.

इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांना हे कठीण वाटेने कळलं. १९५८च्या सुमारास त्यांनी खुब्यासाठी टेफ्लॉनची खोबण वापरायला सुरुवात केली. रुग्ण चालू लागले, दुखणं थांबलं. १९६१ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेखही आला. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजायला लागलं आणि सुमारे ३०० रुग्णांची ऑपरेशनं वाया गेली. १९६२च्या अखेरीस चार्नली पॉलिएथिलीनकडे वळले आणि आजचं खुबारोपण त्याच पायावर उभं राहिलं. लक्षात घ्या, १९६१चा लेख खोटा नव्हता. पाठपुराव्याचा काळ तेवढा तोकडा होता. आणि चार्नलींना चूक कळली कशी? रुग्ण त्यांच्याकडेच परत येत होते म्हणून.

रुग्ण दुसरीकडे गेला तर? यावर स्वीडनने उपाय काढला. १९७५ साली गुडघ्याची आणि १९७९ साली खुब्याची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तिथे प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक असतो. त्यामुळे पहिलं ऑपरेशन एका गावात आणि दुसरं दुसऱ्या गावात झालं, तरी दोन्ही एकाच माणसाच्या नावावर जोडली जातात. रुग्णाने परत येण्यावर काही अवलंबून राहत नाही. ऑस्ट्रेलियाने १९९९ साली अशीच नोंदवही उघडली.

आता आपल्याकडची गोष्ट. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा 'एएसआर' नावाचा खुबा २००३ पासून बाजारात होता. गोळाही धातूचा, खोबणही धातूची. घर्षणातून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटायचे, आजूबाजूच्या ऊतींना इजा व्हायची, रक्तात धातू वाढायचा. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत २००७ पासूनच या सांध्याच्या पुनर्शस्त्रक्रिया जास्त दिसत होत्या. डिसेंबर २००९ मध्ये तो तिथून मागे घेतला गेला. इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीतही पाच वर्षांत १२ ते १३ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागल्याचं दिसलं. ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून माघार झाली, तोवर सुमारे ९३ हजार सांधे बसवून झाले होते.

त्यातले सुमारे ४,७०० भारतात. महेश झगडे आयुक्त असताना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण लावून धरलं, पोलिसांत तक्रार केली. पुढे २०१७ साली केंद्राने डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१८ साली ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचं सूत्र ठरलं. पण पैसे द्यायचे कोणाला? साडेतीन हजारांच्या आसपास रुग्णांचा पत्ताच नव्हता. 'इंडियन सोसायटी ऑफ हिप अँड नी सर्जन्स'ची नोंदवही २००६ पासून आहे, पण ती ऐच्छिक.

इथे पेन घेऊन बसा. सापडलेल्या हजारभर लोकांवरून गुंतागुंतीचा दर काढला तर तो खरा असेल का? त्रास झालेलेच पुढे आले असतील, तर दर फुगलेला निघेल. उलट दूरच्या खेड्यातले, पैसे नसलेले रुग्ण सोसत घरीच बसले असतील, तर खरा त्रास कमी मोजला जाईल. चूक कोणत्या दिशेची, हेसुद्धा सांगता येत नाही. अंश मिळतो, छेद हरवलेला असतो.

नोंद ठेवणं आपल्याला परकं नाही. सांची आणि भरहूतच्या दगडांवर भोगवर्धनच्या, म्हणजे आमच्या भोकरदनच्या, दात्यांचे लेख आहेत. कोण, कुठला, दान दिलं: एवढ्यावर दोन हजार वर्षांनंतरही माणूस गावाशी जोडता येतो. इम्प्लांटची नोंदही अशीच असते: कोणाला, कुठे, कोणता.

आणखी एक मुद्दा, निकाल म्हणजे काय हे ठरवण्याचा. १९६९ साली आलेला 'हॅरिस हिप स्कोअर' आजही वापरतात. त्यात जिना, बूट-मोजे, सार्वजनिक वाहन, खुर्चीवर बसणं येतं. मांडी घालून बसणं किंवा उकिडवं बसणं येत नाही. शेतात खुरपायला बसणाऱ्या बाईला शंभरपैकी नव्वद गुण मिळतील आणि तरी ती म्हणेल, "पाय पहिल्यासारखा नाही." दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना कोणत्याही 'यशाच्या टक्केवारी'ला तीन प्रश्न विचारा. किती वर्षांनी मोजलं? सुरुवातीच्या किती जणांपैकी किती उरले, आणि गेलेले कुठे गेले? यश कोणाच्या भाषेत मोजलं? उत्तर मिळालं नाही तर तसं स्पष्ट लिहा. गाइड रागावणार नाहीत, आणि रागावले तरी लिहा.

घरात कोणाचं सांधेरोपण झालं असेल, तर आजच ते स्टिकर शोधा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. आम्ही आजीचं अजून शोधतोय.