मारिओचा पूर्वरंग आणि दोन उत्तररंग

कीर्तनाचा पूर्वरंग रंगला म्हणजे हरिदासाची खरी परीक्षा सुरू होते. अभंगावरील निरूपण ऐकून श्रोते डोलूं लागलेले असतात. मध्यंतरीं बुक्का लागतो, गळ्यांत हार पडतो, आणि मग उत्तररंगाचें आख्यान लावावयाचें असतें. त्या आख्यानांत पूर्वरंगांतील सिद्धांत तोच राहिला पाहिजे, पण वाट मात्र नवी असली पाहिजे. तेंच निरूपण पुन्हां केलें तर श्रोते चुळबुळ करूं लागतात. सिद्धांतच सोडून दिला तर हें आख्यान येथें कशाला, असें विचारतात. कादंबरीकार, नाटककार, चित्रपटकार या सर्वांना यशस्वी कृतीचा दुसरा भाग रचतांना हाच पेंच पडतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जन्मास आलेल्या एका नव्या कलेलाहि तो चुकला नाहीं. ती कला म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाचे खेळ, ज्यांना सर्वत्र 'व्हिडिओ गेम' म्हणतात. या पेंचाचें त्या कलेंतील सर्वांत बोधप्रद उदाहरण जपानांतील क्योतो शहरीं घडलें. 'सुपर मारिओ ब्रदर्स' या एकाच खेळाला दोन निरनिराळे दुसरे भाग झाले. दोघांनाहि एकच नांव मिळालें. आणि त्यांतील खरा कोणता, हा प्रश्न खेळाडूंना अनेक वर्षें पडत राहिला.

हे खेळ करणारी निंटेंडो कंपनी फुसाजिरो यामाउची यानें १८८९ सालीं स्थापन केली, ती हानाफुदा नांवाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते तयार करण्यासाठीं. पुढें ती खेळण्यांकडे वळली, आणि जुलै १९८३ मध्यें तिनें 'फॅमिकॉम' हें घरगुती यंत्र जपानांत विक्रीस काढलें. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेंत मात्र हलक्या प्रतीच्या मालाच्या गर्दीमुळें अशा खेळांचा बाजार कोसळत होता, आणि पडद्यावरील खेळ ही चार दिवसांची हौस होती असें तेथील पुष्कळ दुकानदारांना वाटूं लागलें होतें. अशा वेळीं, १३ सप्टेंबर १९८५ रोजीं, 'सुपर मारिओ ब्रदर्स' प्रसिद्ध झाला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनीं त्याची रचना केली. त्याचें संगीत कोजी कोंडो यांनीं दिलें.

सारा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसविलेला आहे. हल्लींच्या खिशांतील दूरध्वनीवर काढलेल्या एका साध्या छायाचित्राला याच्या कितीतरी पट जागा लागते. तेवढ्या ओंजळींत आठ जगें, प्रत्येकाचे चार असे बत्तीस टप्पे, भुयारें, समुद्र, किल्ले आणि एक राक्षसी कासव मावलें. काटकसर एवढी कीं आकाशांतील मेघ आणि जमिनीवरील झुडूप हें एकच चित्र आहे. रंग तेवढा बदललेला.

पण या खेळाचा मोठेपणा काटकसरींत नाहीं, त्याच्या शिकविण्याच्या रीतींत आहे. पहिल्या टप्प्याच्या आरंभीं मिशाळ मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूस उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. अर्थात् पुढें जावयाचें तें उजवीकडे, हें सांगावें लागत नाहीं. समोरून एक तपकिरी प्राणी चालत येतो. त्याला नुसता स्पर्श झाला तर मारिओ मरतो, आणि त्याच्यावर उडी पडली तर तो प्राणी चिरडला जातो. शिकणाऱ्याला दोन्ही गोष्टी क्षणांत कळतात, आणि मेला तरी नुकसान कांहीं पावलांचेंच होतें. पुढें प्रश्नचिन्हांकित ठोकळा आहे. त्याला डोक्यानें धक्का दिला कीं एक अळंबें बाहेर पडतें, जमिनीवर उतरून नळावर आपटतें आणि मागें फिरून मारिओकडेच येऊं लागतें. नवशिका त्याला भिऊन उडी मारूं पाहतो, पण वरच्या विटा आड येतात आणि बहुधा अळंब्याचा स्पर्श होतोच. तोंच मारिओ मोठा होतो! जो शत्रु वाटला तो मित्र निघाला. हा धडा अपघातानें घडत नाहीं. विटा आणि नळ तेथें त्याचसाठीं मांडलेले आहेत. ज्याचें त्यानें शोधून काढावें, पण शोध लागेल अशी तजवीज गुरूनें आधींच करून ठेवावी, हाच या खेळाचा सिद्धांत होय. पुढें या खेळाच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यांत यंत्राबरोबर दिलेल्या प्रतींचा वांटा मोठा असला, तरी यंत्र घेण्याची इच्छा पुष्कळांना याच खेळामुळें झाली हेंहि खरें आहे.

आतां उत्तररंगाची निकड उत्पन्न झाली. फेब्रुवारी १९८६ मध्यें निंटेंडोनें जपानांत फॅमिकॉमला जोडावयाचें चकतीचें उपकरण विक्रीस काढलें. त्याच्यासाठीं नवे खेळ हवे होते. ३ जून १९८६ रोजीं, म्हणजे पहिल्या भागानंतर नऊ महिन्यांच्या आंत, 'सुपर मारिओ ब्रदर्स २' त्या चकतीवर आला. या वेळीं रचनेचा मुख्य भार तेझुका यांनीं वाहिला. चित्रें बहुतेक पूर्वीचींच, चाल तीच, कथाहि तीच. निराळें होतें तें काठिण्य. वेष्टनावरच हा खेळ निष्णात खेळाडूंसाठीं आहे अशी सूचना छापलेली होती.

ही सूचना किती खरी होती, हें पहिल्या टप्प्यांत थोडीं पावलें टाकतांच कळे. तेथेंहि प्रश्नचिन्हांकित ठोकळा आहे आणि त्यांतून अळंबें निघतें. परंतु तें विषारी असतें. पहिल्या भागांत ज्यावर विश्वास ठेवावयास शिकविलें त्याचाच येथें फांस केला आहे. पुढें वारा सुटतो आणि उडी भलत्याच ठिकाणीं नेऊन टाकतो. कांहीं ठिकाणीं अदृश्य विटा शोधून काढल्याशिवाय वाट सांपडत नाहीं. पूर्वीच्या खेळांत गुप्त मार्ग सांपडला कीं अनेक जगें ओलांडून पुढें जातां येई. येथें तिसऱ्या जगांत असा एक मार्ग सांपडतो, आणि तो खेळाडूला पुन्हां पहिल्या जगांत आणून सोडतो.

तरीहि या खेळाला केवळ दुष्ट म्हणणें अन्यायाचें होईल. तालमींत वस्तादानें तरबेज झालेल्या पठ्ठ्याला चितपट करण्याचे नवे नवे डाव काढावे, तसा हा प्रकार आहे. ज्यानें पहिले बत्तीस टप्पे डोळे मिटून पार केले, त्याला त्याच्याच आत्मविश्वासानें ठेंच लागावी, आणि उठतांना हंसूं यावें, ही त्यांतील गंमत आहे. मार्ग न तोडतां आठहि जगें संपविणाराला नववें जग दिसतें. संपूर्ण खेळ आठ वेळां जिंकणाराला आणखी चार जगें खुलीं होतात. शिवाय मारिओचा भाऊ लुइजी, जो आधीं केवळ निराळ्या रंगाचा मारिओ होता, त्याला येथें प्रथमच स्वतःचा स्वभाव मिळाला: उडी उंच, पण पाय घसरता. जपानांत या चकतीच्या सुमारें २५ लाख प्रती खपल्या. गुरूवर निष्ठा असलेले शिष्य तेथें पुष्कळ होते.

अमेरिकेंत परिस्थिति निराळी होती. तेथें निंटेंडोचें यंत्र ऑक्टोबर १९८५ मध्यें न्यूयॉर्क शहरीं प्रथम विक्रीस मांडण्यांत आलें, आणि कोसळलेल्या बाजारावरचा लोकांचा विश्वास नुकता कुठें परत येत होता. तेथील शाखेंत नवे खेळ पारखण्याचें काम हॉवर्ड फिलिप्स यांच्याकडे असे. जपानी दुसरा भाग त्यांनीं खेळून पाहिला, आणि त्यांना त्यांत आनंदापेक्षां शिक्षाच अधिक वाटली. जो ग्राहक कालच या खेळाकडे वळला, त्याला असा फटका बसला तर तो यंत्र माळ्यावर टाकील, ही भीति रास्त होती. तो भाग अमेरिकेंत न आणण्याचें ठरलें. पण दुसरा भाग तर हवाच होता. मग तो आणावा कोठून?

उत्तर एका अगदीं वेगळ्या खेळांत सांपडलें. १९८७ च्या उन्हाळ्यांत जपानच्या फुजी दूरचित्रवाणीनें 'यूमे कोजो', म्हणजे 'स्वप्नांचा कारखाना', या नांवाचा मोठा महोत्सव भरविला होता. त्याची जाहिरात म्हणून निंटेंडोनें १० जुलै १९८७ रोजीं 'यूमे कोजो: डोकी डोकी पॅनिक' हा खेळ काढला. 'डोकी डोकी' म्हणजे काळजाची धडधड. महोत्सवाचीं मानचिन्हें असलेलें अरबी वेषांतील एक कुटुंब एका कथापुस्तकांत शिरून तेथें अडकलेल्या मुलांना सोडवितें, असें त्याचें कथानक होतें. या खेळाचे दिग्दर्शक केन्सुके तानाबे. त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं पूर्वीं एक प्रयोग करून पाहिला होता: पडदा आडवा सरकण्याऐवजीं उभा सरकावा, दोन खेळाडूंनीं वस्तु उचलून रचाव्या, एकमेकांना उचलून फेंकावें आणि वर चढत जावें. यंत्राच्या मर्यादांमुळें आणि एकट्या खेळाडूला त्यांत रस न वाटल्यामुळें तो प्रयोग सोडून द्यावा लागला. मियामोतो यांच्या सल्ल्यानें त्यांत आडव्या चालीची भर पडली, आणि त्याच बीजाचा पुढें 'डोकी डोकी पॅनिक' झाला.

हाच खेळ घेऊन त्यांतील चार माणसांच्या जागीं मारिओ, लुइजी, टोड आणि राजकन्या यांना बसविण्यांत आलें. जादूच्या दिव्यांच्या जागीं काढ्याच्या कुप्या आल्या, मारिओसाठीं पळण्याची सोय झाली, आणि १९८८ च्या शरद ऋतूंत 'सुपर मारिओ ब्रदर्स २' याच नांवानें तो अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. तेथील मुलांना या नामांतराची वार्ताहि नव्हती. त्यांना फक्त एवढेंच दिसलें कीं मारिओ आतां शत्रूवर उडी मारून त्याला चिरडीत नाहीं. तो त्याच्या डोक्यावर उभा राहतो, त्याला उचलतो आणि दुसऱ्यावर भिरकावतो. जमिनींतून मुळे, सलगम उपटून तीं अस्त्रें म्हणून वापरावयाचीं. भाज्यांचा तिटकारा असलेल्या बेडकासारख्या राजाला शेवटीं भाज्यांनींच हरवावयाचें. लुइजी सर्वांत उंच उडतो, टोड झपाट्यानें उपटतो, राजकन्या हवेंत क्षणभर तरंगते. जी राजकन्या पूर्वीं किल्ल्यांत सुटकेची वाट पाहत बसे, ती येथें स्वतः रणांगणांत उतरते. शेवटीं मारिओ अंथरुणावर झोंपलेला दिसतो, आणि हें सारें स्वप्न होतें असें उघड होतें. या भागाच्या सुमारें ७४ लाख प्रती खपल्या.

आतां तुलना करावयाची ती अशी. जपानी भागानें पूर्वरंगाचीं अक्षरें जशींच्या तशीं ठेविलीं. चित्रें, चाल, शत्रु कांहीं बदललें नाहीं. परंतु शिकणाराच्या हाताला धरून नेण्याची जी मूळ वृत्ति, ती त्यानें बुद्ध्याच उलटी केली. अमेरिकन भाग रक्तानें परका, दुसऱ्याचे कपडे घालून आलेला. पण त्यांत नवशिक्यानें निर्भयपणें चांचपडावें, चुकावें आणि शोध लागतांच हरखून जावें, ही वृत्ति शाबूत होती. एकानें शब्द पाळला, दुसऱ्यानें अर्थ पाळला. वारसा रूपावरून ठरवावा कीं स्वभावावरून, असा हा प्रश्न आहे. आणि तो केवळ खेळापुरता नाहीं.

काळानें दिलेला निर्णयहि पाहण्यासारखा आहे. २३ ऑक्टोबर १९८८ रोजीं जपानांत 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' आला. अमेरिकेंत तो १९९० सालीं पोंचला. त्यांत पहिल्या भागाची चाल परत आली, पण कासवाचें कवच आतां उचलून नेतां व फेंकतां येऊं लागलें, आणि स्वप्नांच्या खेळांतला चालता बाँबगोळाहि त्यांत येऊन दाखल झाला. लुइजीची उंच उडी आणि राजकन्येचें तरंगणें हीं पुढील अनेक खेळांत कायम राहिलीं. १९९२ सालीं तर हा परका खेळ 'सुपर मारिओ यूएसए' या नांवानें जपानांत परत आला, आणि जन्मभूमींत त्याला मारिओच्या घराण्यांत रीतसर प्रवेश मिळाला. उलट जपानी दुसरा भाग १९९३ सालीं एका संग्रहांतून प्रथमच अमेरिकेंत गेला, तो 'हरवलेले टप्पे' या अर्थाचें नवें नांव घेऊन. स्वतःच्या नांवाचा हक्क तेथें त्याला मिळाला नाहीं. तथापि त्याची परंपराहि तुटली नाहीं. २०१५ सालीं 'सुपर मारिओ मेकर' या खेळानें सामान्य माणसांना स्वतःचे टप्पे रचण्याची सोय करून दिली, तेव्हां जगभरच्या हौशी रचनाकारांनीं अदृश्य विटांचे आणि विश्वासघातकी उड्यांचे असंख्य फांस मांडले. निष्णातांनाहि त्यांचा स्वतःचा उत्तररंग हवा असतो, हें त्यावरून दिसून आलें.

हिंदुस्थानांत या खेळाचा परिचय बहुतेक पूर्वरंगापुरताच झाला. १९९० नंतरच्या दशकांत मुंबई, पुणें, नागपूर अशा शहरांतील पुष्कळ घरांत फॅमिकॉमची नक्कल असलेलीं यंत्रें आलीं. त्यांच्याबरोबर मिळणाऱ्या डब्यांवर हजारों खेळांचा आंकडा छापलेला असे आणि आंत मोजकेच खेळ फिरून फिरून येत. पण त्यांत पहिला मारिओ बहुधा असेच. उन्हाळ्याच्या सुटींत दूरचित्रवाणीसमोर भावंडांची रांग लागे, एकाचा मारिओ मेला कीं दुसऱ्याच्या हातांत कळ जाई. त्या मुलांना कोणी नियम समजावून दिले नव्हते आणि माहितीपुस्तक तर नव्हतेंच. पहिल्या अळंब्याच्या वेळीं तीं भ्यालीं, आणि मारिओ मोठा होतांच आनंदानें ओरडलीं.

क्योतोच्या रचनाकारांनीं विटा आणि नळ मांडतांना ज्या मुलाची कल्पना केली होती, तें मूल डोंबिवलींतहि सांपडलें. पूर्वरंगाची थोरवी याहून निराळी सिद्ध करावयास नको. आणि उत्तररंगाची कसोटीहि हीच: दुसऱ्या भागांत किती जुनें राहिलें किंवा किती नवें आलें यापेक्षां, पहिल्या वेळच्या त्या आनंदाला त्यानें पुन्हां जागा करून दिली कीं नाहीं, हेंच शेवटीं पाहावयाचें असतें.