दिनविशेष : १४ मार्च – नाटक पडद्यावर बोलू लागले

१९३१ : भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात झळकला. जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी नाटकावर बेतलेल्या या चित्रपटात राजवाड्यातील कारस्थान आणि निरपराधाची कैद असा उत्कंठावर्धक मामला होता. दिग्दर्शक पुण्यात जन्मलेले अर्देशीर इराणी. नायक मास्टर विठ्ठल, नायिका झुबेदा. स्टुडिओ रेल्वेच्या रुळांलगत असल्याने गाड्यांचा खडखडाट टाळण्यासाठी रात्री चित्रीकरण चाले. पार्श्वगायन नव्हते, वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड दडून साथ करत. चित्रपटात सात गाणी होती. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. म्हणूनच आपल्या बोईसर-पालघर परिसरात कुणाच्या घरी जुन्या चित्रपटांच्या गीतपुस्तिका, जाहिरातपत्रके असतील, तर ती रद्दीत न घालता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.