अतिथिसत्कार : घराचा धर्म की संस्थेचा?

अतिथिसत्कार हा केवळ ख्रिस्ती लोकांचाच सद्गुण आहे, असे म्हणण्याचे धाडस आपण करू नये. दारी आलेल्यास पाण्यावाचून परत धाडणे आपल्या देशात नेहमीच उणेपणाचे मानले गेले आहे. प्राचीन ग्रीक लोक झ्यूस या देवास परक्यांचा कैवारी समजत. परका आणि पाहुणा या दोहोंसाठी त्यांच्या भाषेत 'क्सेनॉस' हा एकच शब्द होता. अब्राहामाने मम्रे येथे भर उन्हात आलेल्या तिघा अनोळखी वाटसरूंना घासभर भाकरीचे निमंत्रण दिले. प्रत्यक्षात मात्र त्याने त्यांना वासराचे मांस आणि दही-दूध वाढले आणि ते जेवत असता तो स्वतः झाडाखाली उभा राहिला. मग आरंभीच्या मंडळीने या जुन्या सद्गुणात नवे काय घातले?

आमच्या मते, तिने पंगतीची सीमा ओलांडली. यापो येथे कर्नेल्याची माणसे आली तेव्हा पेत्राने त्यांना आत घेऊन त्यांचा पाहुणचार केला, आणि दुसऱ्या दिवशी तो त्या परराष्ट्रीयाच्या घरी जाण्यास निघाला. ही पायरी सोपी नव्हती. पुढे अंत्युखिया येथे हाच पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून मागे सरला आणि पौलास त्याला तोंडावर विरोध करावा लागला.

उघड्या दाराचा गैरफायदा घेणारेही लवकरच निघाले. लूकियान या उपहासकाराने दुसऱ्या शतकात पेरेग्रिनस नावाच्या भोंदूने भोळ्या ख्रिस्ती लोकांकडून कसा लाभ उठविला, याचे चित्र रंगविले आहे. 'दिदाखे' हे प्राचीन मंडळीचे नियमपुस्तक १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले. त्यातील नियमानुसार वाटसरूने दोन किंवा फार तर तीन दिवस राहावे. कायम राहावयाचे असल्यास कामधंदा करून खावे. दार लावून घेण्याचा उपाय मात्र त्यात सांगितलेला नाही.

चौथ्या शतकात मंडळीस राजाश्रय लाभला आणि या सेवेचे रूप पालटले. कप्पदुकियातील कैसरिया नगराबाहेर बिशप बाझील यांनी सुमारे ३७२ साली वाटसरू, रोगी व दरिद्री यांच्यासाठी मोठे सेवाकेंद्र उभारले. अशा अतिथिगृहांतूनच पुढे रुग्णालयांची परंपरा वाढली. सहाव्या शतकात बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीत प्रत्येक अतिथीचे स्वागत ख्रिस्त समजून करावयास सांगितले. मठाधिपतीने अतिथीच्या हातांवर पाणी घालावे आणि सर्व बंधूंसह त्याचे पाय धुवावेत, असे त्यांनी ठरविले. दरिद्री व यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्यावी, कारण श्रीमंताचा मान त्याच्या दराऱ्यानेच राखला जातो, हेही बजावून ठेवले.

परंतु या थोर कार्यातील एक धोका योहान क्रिसोस्तोम यांनी वेळीच ओळखला होता. सुमारे ४०० साली कॉन्स्टँटिनोपल येथे उपदेश करताना त्यांनी श्रोत्यांच्या मनातील सबब बोलून दाखविली : मंडळीचे अतिथिगृह असताना आम्ही परक्यास घरी का घ्यावे? त्यांचे उत्तर असे की, दुसऱ्याने प्रार्थना केली म्हणून तुमची प्रार्थना चुकत नाही. प्रत्येकाने आपल्या घरात ख्रिस्तासाठी एक खोली राखून ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता.

पंगतीची सीमा मराठी मंडळीलाही घरातच ओलांडावी लागली. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, तरी प्रथम त्यांनी आपला स्वयंपाक निराळा ठेवला होता. सोवळे सुटावयास काळ लागला, १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला, आणि हा सारा प्रवास 'स्मृतिचित्रे' या आत्मकथेत त्यांनी प्रांजळपणे सांगितला आहे. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी त्यांना जे झगडावे लागले, ते कोणतीही संस्था त्यांच्या वतीने करू शकली नसती.

आज आपल्या मंडळ्यांना वसतिगृहे आहेत, दवाखाने आहेत, अनाथालये आहेत. त्यांबद्दल आपण देवाचे उपकार मानतो. परंतु बाहेरगावचा मजूर किंवा अन्य जातीतून नव्याने आलेला विश्वासू आपल्यापैकी कितीजणांच्या घरी जेवला आहे? पाळकांनी व धर्मशिक्षकांनी हा प्रश्न मंडळीस विचारण्यापूर्वी आपल्या स्वयंपाकघरात विचारावा, एवढीच आमची नम्र विनंती आहे.